फिरत्या घराची शिडी : उंची, भार आणि विवेक

घर म्हटले की डागडुजी आलीच. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, गच्चीच्या भेगा बुजवणे, पन्हळी मोकळ्या करणे ही कामे आपल्याकडील गृहस्थाच्या पाचवीला पुजलेली असतात. अमेरिकेत लाखो कुटुंबांकडे असे एक घर असते की ज्याला चाके असतात. झोपण्याची जागा, ओटा, शीतकपाट, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी एवढा संसार सामावून घेणाऱ्या या वाहनास तेथे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, संक्षेपाने आरव्ही, म्हणतात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव या उद्योगाचे प्रमुख केंद्र मानले जाते. निवृत्तीनंतर राहते घर विकून वर्षाचा बराचसा काळ अशा वाहनातच व्यतीत करणारी जोडपीही तेथे आहेत.

आपल्या अनेक खातेदारांची मुले-मुली अमेरिकेत स्थायिक आहेत. उन्हाळ्यात आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे जातात आणि एखादी सहल अशा फिरत्या घरातून होते. हौसेने ते विकत घेणारी मराठी कुटुंबेही आहेत. मग एखाद्या सकाळी छतावरचे पाणी आत ठिबकू लागते, मुलगा कामावर गेलेला असतो आणि आयुष्यभर घरातील लहानमोठी कामे स्वतःच्या हाताने केलेले वडील शिडीचा शोध घेऊ लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय ही शिडीच होय. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वस्तूच्या निवडीवर एकीकडे लाखो रुपयांच्या वाहनाचे आयुष्य, तर दुसरीकडे माणसाचे हातपाय अवलंबून असतात.

शिडीची गरज का भासते?

आरव्हीचे छत काँक्रीटचे नसते. बहुतेक वाहनांत लाकडी फळ्यांवर रबरासारखा पातळ पडदा, फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा बसवलेला असतो. वातानुकूलन यंत्र, हवा खेळती ठेवणारे झरोके, नळांच्या वायुनलिका आणि अलीकडे सौर पट्ट्या यांच्यासाठी या छताला जागोजागी भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकाभोवतीची फट सीलंट नावाच्या चिकट लेपाने बुजवलेली असते. ऊन, थंडी आणि प्रवासातील हादरे यांमुळे हा लेप कालांतराने तडकतो. केसाएवढ्या भेगेतून झिरपणारे पाणी आतील लाकूड महिनोन् महिने कुजवत राहते आणि छताला डाग दिसेपर्यंत नुकसान हाताबाहेर गेलेले असते. म्हणूनच वर्षातून किमान दोनदा छत नजरेखालून घालावे, असा जाणकारांचा सल्ला असतो.

अनेक वाहनांच्या पाठीमागे कायमची शिडी जडवलेली असते. मात्र ती एकाच जागी असल्याने पुढची काच, बाजूचा सरकता कक्ष किंवा उन्हाचा पडदा यांपर्यंत ती नेत नाही. तिच्यावरील भाराची मर्यादाही ठरलेली असते. काही वाहनांना अशी शिडीच नसते. तेव्हा सोबत नेता येईल अशी सुटी शिडी घेणे क्रमप्राप्त ठरते.

तीन कसोट्या

बँकेत ठेवीचा विचार करताना सुरक्षितता, तरलता आणि परतावा या तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. तिन्ही एकाच वेळी पूर्णांशाने मिळत नाहीत. आरव्हीच्या शिडीचेही तसेच आहे. पोहोच, भारक्षमता आणि घडी घातल्यावर व्यापणारी जागा या तिच्या तीन कसोट्या होत. वाहनात जागा तुटपुंजी असल्याने ग्राहक स्वाभाविकपणे तिसऱ्या कसोटीपासून प्रारंभ करतो. सामानाच्या कप्प्यात जी मावते ती शिडी तो उचलतो आणि चुकीची सुरुवात नेमकी येथेच होते. तडजोड करायचीच असेल तर ती जागेच्या बाबतीत करावी. पोहोच आणि भारक्षमता यांत मुळीच करू नये. ‘मावेल ती नव्हे, पुरेल ती’ हे या खरेदीचे सूत्र असावे.

पोहोच : एक छोटेसे गणित

टेकवून लावायची शिडी फार उभी असली तर माणूस मागे झुकतो आणि फार तिरकी असली तर तिचे पाय सरकतात. यावर सर्वमान्य नियम असा की, शिडी जेवढ्या उंचीवर टेकते तिच्या एक चतुर्थांश अंतरावर तिचे पाय असावेत. शिवाय वर चढून छतावर पाऊल ठेवायचे असेल तर शिडीचे टोक छताच्या कडेच्या किमान तीन फूट वर यावे. चढणाऱ्याला धरण्यासाठी तेवढाच आधार असतो.

समजा छत ११ फूट उंच आहे. शिडीचे पाय पावणेतीन फूट दूर ठेवल्यास कडेपर्यंतच तिची सुमारे ११.३ फूट लांबी खर्ची पडते. वरचे तीन फूट धरता गरज साधारण साडेचौदा फुटांची होते. या छतासाठी साडेबारा फुटी शिडी घेतली तर कडेच्या वर जेमतेम फूटभर टोक उरते. दुकानात ती पुरेशी वाटते; उतरताना मात्र पाठमोरे होऊन पहिली पायरी चाचपडण्याची वेळ येते तेव्हा धरायला काहीच नसते. ट्रेलर प्रकारातील मोठ्या वाहनांची उंची १२ ते १३ फुटांपर्यंत असते. त्यामुळे आपल्या वाहनाचे छत जमिनीपासून टेपने मोजल्याशिवाय शिडीच्या दुकानाची पायरी चढू नये.

घोडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घडीच्या शिडीचे गणित वेगळे आहे. काच पुसणे, दिवा बदलणे, बाजू धुणे यांसाठी ती उत्तम. कारण ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. ओहायो राज्यातील डेटन येथील जॉन बाल्सली या सुताराने १८६२ मध्ये अशा शिडीचे अमेरिकन पेटंट मिळवले, तेव्हापासून तिचे मूळ रूप फारसे बदललेले नाही. मात्र तिच्या सर्वांत वरच्या फळीवर आणि तिच्या लगतच्या पायरीवर उभे राहायचे नसते, तसेच तिच्यावरून छतावर पाऊल टाकायचे नसते. म्हणजे सहा फुटी घोड्यावर माणूस सहा फूट उंचीवर उभा राहू शकत नाही, हे खरेदीपूर्वीच ध्यानी घ्यावे.

भारक्षमता : शरीराचे वजन म्हणजे भार नव्हे

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शिडीवर तिची श्रेणी दर्शविणारे लेबल असते. तिसऱ्या श्रेणीस २०० पौंड (सुमारे ९० किलो), दुसरीस २२५ पौंड (१०२ किलो), पहिलीस २५० पौंड (११३ किलो), ‘एक-ए’ श्रेणीस ३०० पौंड (१३६ किलो) आणि ‘एक-डबल ए’ श्रेणीस ३७५ पौंड (१७० किलो) अशी मर्यादा असते. युरोपातील ईएन १३१ या मानकात कमाल भार १५० किलो धरलेला आहे.

या आकड्यांत माणसाबरोबर त्याचे कपडे, बूट, हत्यारे, सीलंटची नळी आणि पाण्याची बादली हे सर्व अंतर्भूत आहे. ८५ किलो वजनाचा गृहस्थ दहा किलो सामान घेऊन चढला की भार ९५ किलो होतो आणि तिसऱ्या श्रेणीची शिडी तेथेच अपुरी ठरते. कर्ज देताना ज्याप्रमाणे तारणात काही अंतर राखले जाते, त्याचप्रमाणे येथेही एक श्रेणी वरची घेणे शहाणपणाचे होय.

प्रकार आणि धातू

एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची टेलिस्कोपिक शिडी बंद केल्यावर अवघी तीन फुटांच्या आसपास राहते, म्हणून आरव्हीधारकांत ती लोकप्रिय आहे. मात्र तिची सुरक्षितता प्रत्येक पायरीच्या खटक्यावर अवलंबून असते. शिडी उघडताना प्रत्येक खटका बसल्याची खूण डोळ्यांनी पाहावी. नळ्यांत रेती-माती गेल्यास खटके अर्धवट बसतात. शिडी मिटताना बोटे चेमटण्याचा धोकाही असतो. बिजागऱ्यांची बहुपयोगी शिडी घोड्यासारखी उभी करता येते आणि सरळ करून टेकवताही येते. ती भक्कम असते, पण तुलनेने जड व जागा खाणारी. शिडीचे वजन वाहनाच्या भारक्षमतेतून वजा होते हे खरे. तथापि त्या चिंतेने कमकुवत शिडी घेण्याचे कारण नाही. चाळीस गॅलन पाण्याने भरलेल्या टाकीतील पाणीच दीडशे किलो भरते. त्या तुलनेत शिडीचे चार-पाच किलो अधिक वजन नगण्य होय.

अ‍ॅल्युमिनिअम हलके असते व गंजत नाही, पण ते विजेचे सुवाहक आहे. तळावर वाहनांना जाड तारेतून वीज पुरवलेली असते आणि कित्येकदा डोक्यावरूनही तारा गेलेल्या असतात. विजेच्या सान्निध्यात काम असेल तर फायबरग्लासची शिडी इष्ट. ती जड असली तरी स्वच्छ आणि कोरडी असताना वीज वाहू देत नाही.

जुनी शिडी घेताना उभे दांडे सरळ आहेत ना, पायऱ्या हलत नाहीत ना आणि पायांचे रबर झिजलेले नाही ना, एवढे अवश्य पाहावे. वाकलेला दांडा ठोकून सरळ केलेली शिडी स्वस्तात मिळाली तरी ती महागच पडते.

हलणारी भिंत

घराला शिडी टेकवताना भिंत जागची हलणार नाही, याची खात्री असते. आरव्ही मात्र स्प्रिंगांवर आणि टायरांवर उभी असते. आत कोणी चालले तरी ती डुलते आणि तिच्याबरोबर टेकवलेली शिडीही. म्हणून चाकांना अडसर लावणे, वाहनाचे आधारपाय जमिनीवर टेकवणे आणि काम संपेपर्यंत आत कोणी वावरू नये असे सांगून ठेवणे आवश्यक असते. तळावरची जमीन खडी, गवत किंवा उताराची असते. शिडीच्या पायांखाली रुंद फळी ठेवावी. विटा-दगडांचा टेकू देऊ नये. शिडीच्या टोकांना मऊ आवरण असल्यास वाहनाचा पातळ पत्राही चेपत नाही.

चढताना-उतरताना तोंड शिडीकडे असावे आणि दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सदैव शिडीवर असावेत. हत्यारे हातात न घेता कमरेच्या पिशवीत ठेवावीत किंवा दोरीने वर ओढावीत. दव वाळल्यावरच छतावर जावे, कारण ओले रबर शेवाळलेल्या पायरीप्रमाणे निसरडे होते. खाली शिडी धरणारे कोणी नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

कधीकधी सर्वोत्तम शिडी म्हणजे न चढलेली शिडी. ज्यांना चक्कर येते, गुडघे साथ देत नाहीत किंवा रक्तदाबाची औषधे सुरू आहेत, अशांनी लांब दांड्याच्या ब्रशने जमिनीवरूनच सफाई करावी आणि छताचे काम दुरुस्तीकेंद्राकडे सोपवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. परदेशात पाहुणे म्हणून गेलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर मोडलेल्या हाडापेक्षा रुग्णालयाचे देयक अधिक मोडून टाकते. प्रवासी आरोग्यविम्याची कमाल रक्कम आणि त्यातील अपवाद निघण्यापूर्वीच वाचलेले बरे.

आपल्या अंगणात

हा विषय सातासमुद्रापारचा राहिलेला नाही. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेनंतर घरांच्या छतांवर सौर पट्ट्या आल्या आणि त्या पुसण्यासाठी शिड्याही. गच्चीवरील टाकी धुण्यासाठी तर त्या पूर्वीपासून आहेतच. शिड्यांच्या सुरक्षित वापराबाबत भारतीय मानक ब्यूरोची आयएस ३६९६ ही संहिता आहे. तरीही आपल्याकडे शिडी बहुधा शेजाऱ्याकडून मागून आणली जाते आणि तिच्यावरील लेबल कोणी वाचत नाही.

बचत खात्यातून भरता येणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता १ जून २०२२ पासून २० रुपये आहे. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारास अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वासाठी दोन लाख आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण त्यातून मिळते. रुग्णालयाचा खर्च मात्र तीत मिळत नाही. त्यासाठी आरोग्यविमा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. विमा हा पडल्यानंतरचा आधार होय. पडण्यापूर्वीचा आधार म्हणजे मोजून, वाचून आणि पारखून घेतलेली शिडी.

छत गळू लागले तर दुरुस्त करता येते, वाहन जुने झाले तर विकता येते. शिडीवर चढणाऱ्या माणसाची जागा मात्र दुसरे कोणी घेऊ शकत नाही. टेप घेऊन छत मोजण्यास पाच मिनिटे लागतात. घरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठी तेवढी पाच मिनिटे प्रत्येकाने अवश्य काढावीत.