मित्रमंडळाचे व्यासपीठ : मराठी अनियतकालिके आणि कॅरिबियन बेटांवरील समांतर प्रयत्न

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ, ग्रंथकार व संप्रदाय यांचा विचार करतो. परंतु ज्या पानांवर ते वाङ्मय प्रथम अवतरले, त्या पानांची मालकी कोणाची होती, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. वस्तुतः नव्या लेखनाचे भवितव्य पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. स्थिर झालेली मासिके व प्रकाशनसंस्था ज्यांना पुरेशा वाटत नाहीत, असे तरुण लेखक काही मित्र जमवून स्वतःचे व्यासपीठ उभारतात. अशा व्यासपीठाचे स्वातंत्र्य नेमके कशात असते आणि ते अल्पायुषी का ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मुख्य उदाहरण मुंबईतील मराठी अनियतकालिकांचे असून, तुलनेसाठी त्याच सुमारास कॅरिबियन बेटांवरील तरुणांनी केलेल्या प्रयत्नांचा आधार घेतला आहे.

१. साधनांचा प्रश्न

इ. स. १९५५ च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ व त्यांचे मित्र यांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित पत्र सुरू केले. त्या वेळी चित्रे जेमतेम सतरा वर्षांचे होते. कोलटकर विशीच्या प्रारंभी होते. चित्रे यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे यांनी बडोद्याहून ‘अभिरुची’ हे मासिक चालविले होते. तेव्हा नियतकालिक म्हणजे काय, हे त्यांनी घरातच पाहिले होते. तथापि ‘शब्द’ हे त्या अर्थाने मासिक नव्हते. त्यास भांडवल नव्हते, कचेरी नव्हती, वर्गणीदारांची यादीही नव्हती.

येथे सायक्लोस्टाइल यंत्राची कार्यपद्धती ध्यानात घेतली पाहिजे. मेणाचा लेप दिलेल्या कागदावर टंकलेखन यंत्राने अथवा टोकदार लेखणीने अक्षरे उमटवावयाची. मग तो कागद शाईच्या रुळावर चढवून हाताने फिरवावयाचा. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती सहज निघत. खिळे जुळविणारा कामगार, शिशाचे टाइप व छापखान्याचे बिल या तिन्ही गोष्टींपासून लेखक अशा रीतीने मुक्त होई. छपाई ओबडधोबड असे, अक्षर पुसट असे. परंतु कोणती कविता छापावी आणि कोणती नाकारावी, याचा निर्णय पैसा गुंतविणाऱ्याच्या हाती राहत नसे. साहित्यिक बंडखोरीची चर्चा करताना आपण जाहीरनाम्यांकडे लक्ष देतो. परंतु या बंडखोरीचा पाया एका स्वस्त कार्यालयीन यंत्राने घातला होता, हे विसरून चालणार नाही.

२. ‘सत्यकथा’ आणि तिच्याबाहेरचे जग

या प्रयत्नांची गरज का भासली, हे समजण्यासाठी तत्कालीन मध्यवर्ती मासिकाचे स्थान पाहावे लागेल. मौज प्रकाशनाचे ‘सत्यकथा’ हे नवकथा व नवकविता यांचे प्रमुख पीठ होते. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांच्या संपादनाने मराठी लेखनास जी शिस्त लावली, तिचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. किंबहुना बंडखोर म्हणविणाऱ्या कवींपैकी काहींच्या कविता ‘सत्यकथे’तही येत असत. तक्रार होती ती वेगळीच. एकाच मासिकाची अभिरुची ही सर्व भाषेची अभिरुची ठरू लागली, तर त्या अभिरुचीत न बसणारा अनुभव लिहिलाच जात नाही, असे या तरुणांचे म्हणणे होते.

१९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी ‘क्ष-किरण’ टाकून समकालीन मराठी साहित्याची जी कठोर झडती घेतली, तिचा आशय हाच होता. त्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. ‘अथर्व’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी पत्रे या दशकात निघाली आणि बंदही पडली. पुढे १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांचे सहकारी यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाहीरपणे जाळला. ही घटना नाट्यमय असल्यामुळे इतिहासात ठळकपणे नोंदली गेली आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते, अंक जाळण्यापेक्षा अंक काढणे हे अधिक दूरगामी कृत्य होते. विरोधासाठी विरोधक लागतो. निर्मितीसाठी मात्र स्वतःचे साधन हाती असावे लागते.

३. बेटांवरील समांतर प्रयत्न

आता कॅरिबियन समुद्राकडे वळू. प्रथमदर्शनी ही झेप लांबची वाटेल. परंतु परिस्थितीत महत्त्वाचे साम्य आहे. मुंबईच्या तरुणापुढे एकच मान्य मासिक होते, तर बेटांवरील तरुणापुढे लंडन हेच एकमेव पीठ होते. बी. बी. सी.चा ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा कार्यक्रम १९४३ पासून १९५८ पर्यंत चालला आणि त्याने अनेक लेखकांना मोबदला व श्रोते मिळवून दिले. तरीही बेटावर लिहिलेले साहित्य लंडनला जाऊन तेथून ध्वनिलहरींवरून बेटावर परत यावयाचे, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल.

या चाकोरीबाहेर जाण्याचे प्रयत्न आधीपासून होत होते. त्रिनिदादमध्ये आल्बर्ट गोम्स यांनी १९३१ ते १९३३ या काळात ‘द बीकन’ हे मासिक चालविले. त्याच्या वर्तुळात सी. एल. आर. जेम्स व आल्फ्रेड मेंडिस हे होते. बार्बाडोसमध्ये १९४२ साली ‘बिम’ निघाले व फ्रँक कॉलीमोर यांनी ते दीर्घकाळ जोपासले. सेंट लुशिया या लहानशा बेटावर डेरेक वॉलकॉट या अठरा वर्षांच्या तरुणाने १९४८ मध्ये आपला पहिला कवितासंग्रह स्वतःच छापविला. शिक्षिका असलेल्या विधवा मातेने त्यासाठी दोनशे डॉलर उभे केले. त्याने प्रती ओळखीच्या लोकांस विकून ते परत केले. १९५० मध्ये त्याने आपला जुळा भाऊ रॉडरिक व मित्र यांच्यासह ‘सेंट लुशिया आर्ट्स गिल्ड’ ही संस्था स्थापन केली. वॉलकॉट यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्या वाटचालीचा आरंभ कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या अनुमतीने झाला नव्हता.

पुढे १९६६ मध्ये कमाउ ब्रॅथवेट, जॉन ला रोझ व अँड्रू सॅल्की यांनी लंडनमध्येच ‘कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट’ उभारली. त्याच वर्षी ला रोझ यांनी प्रकाशनसंस्था काढली आणि तिला ‘न्यू बीकन’ हे नाव दिले. तेहेतीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मासिकाचे नाव अशा रीतीने पुन्हा जिवंत झाले. अल्पायुषी पत्र निष्फळ असते, या समजुतीस हे समर्पक उत्तर होय.

४. मैत्री : बळ आणि मर्यादा

दोन्ही ठिकाणी संपादक मंडळ म्हणजे मित्रमंडळच होते. याचे लाभ उघड आहेत. मित्र मानधन मागत नाही. तो पहिला वाचक असतो आणि पहिला टीकाकारही. त्याच्यापुढे अपुरी, धाडसी, फसण्याचा संभव असलेली रचना ठेवता येते. याखेरीज उपजीविकेचे साधन वाङ्मयाबाहेर असेल, तर हे स्वातंत्र्य अधिक टिकते. कोलटकर जाहिरातक्षेत्रातील नामांकित चित्रकार होते. त्यांना कवितेकडून पैशाची अपेक्षा ठेवावी लागली नाही. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरविंद कृष्ण मेहरोत्रा व कोलटकर या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही सहकारी पद्धतीची प्रकाशनसंस्था काढून आपले इंग्रजी संग्रह आपणच प्रसिद्ध केले. त्यांतील ‘जेजुरी’स १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले. मराठीत अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने त्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या. आणि २००३ मध्ये ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ व ‘द्रोण’ हे संग्रहही तेथूनच आले. एका कवीच्या आयुष्याच्या अखेरीपर्यंत मित्राचे प्रकाशन हेच त्याचे प्रकाशन राहिले, असे उदाहरण विरळाच.

मात्र मैत्रीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. नोकरी, विवाह, स्थलांतर, मतभेद यांपैकी काहीही घडले की अंक थांबतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लेखक, संपादक व वाचक हे तिघेही एकाच वर्तुळातले असले, तर नव्या प्रवेशेच्छूस ते वर्तुळ जुन्या मासिकाइतकेच बंद वाटू शकते. तिसरी मर्यादा संरक्षणाची. संस्थेच्या पाठबळावाचून छापलेला मजकूर कायद्याच्या कचाट्यात सापडला, तर लेखक एकटा पडतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे उदाहरण पाहावे. ही कविता १९९४ मध्ये एका कर्मचारी संघटनेच्या पत्रात पुनर्मुद्रित झाली व त्यावरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, आधीच क्षमायाचना केलेल्या प्रकाशकास मुक्त केले. कवीने मात्र खटल्यास तोंड द्यावे, असा निर्णय दिला.

या मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) दिसून आला. गंगाधर पानतावणे यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेले ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दीर्घकाळ टिकले. त्याने वाचक-लेखकांचे मेळावे भरविले आणि ज्यांनी पूर्वी कधी लिहिले नव्हते, अशांना लिहिते केले. मित्रांच्या वर्तुळाऐवजी येथे एक समाज उभा होता. ‘शब्द’ने साधनाचे स्वातंत्र्य दाखविले, ‘अस्मितादर्श’ने त्या स्वातंत्र्यास वारस मिळवून दिले.

५. भाषेचा लाभ

अशा व्यासपीठांचे खरे फळ कोणते? ग्रंथांची संख्या हे त्याचे माप नव्हे. ब्रॅथवेट यांनी बेटांवरील लोकांच्या बोलीस ‘राष्ट्रभाषा’ असे एका निराळ्या अर्थाने म्हटले. शाळेत शिकविलेली इंग्रजी नव्हे, तर गुलामगिरीच्या इतिहासातून घडलेली, आफ्रिकी लय जपणारी वाणी त्यांस अभिप्रेत होती. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ मध्ये मराठी कवितेत जी भाषा आणली, तिचाही मराठीच्या प्रमाणरूपाशी असाच संबंध होता. ती भाषा मुंबईच्या वस्तीत आधीपासून होतीच. तिला छापील पान मिळाले, ही घटना नवी होती.

हा विचार आपल्या परिसरासही लागू पडतो. वसई तालुक्यातील कळंब हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस किनाऱ्यावर वसलेले गाव. या पट्ट्यात सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोली नांदतात. तेथील एखाद्या तरुणाने चार मित्र जमवून आपल्या बोलीत कथा, गीत वा चित्रपट करावयाचे ठरविले, तर आज त्याला स्टेन्सिलची गरज नाही. हातातील दूरध्वनी तेच काम अधिक सफाईने करतो. परंतु सायक्लोस्टाइल यंत्र एकदा विकत घेतले की त्याचा उत्पादक मजकुरात हस्तक्षेप करीत नसे. आजचे प्रसारण ज्या कंपन्यांच्या द्वारा होते, त्यांचे नियम त्या तरुणाने ठरविलेले नसतात. निर्मितीचे साधन स्वस्त झाले. वितरणाचे साधन मात्र पुन्हा परक्या हाती गेले.

तेव्हा संशोधकाने अशा व्यासपीठांची नोंद घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. साधन कोणाच्या मालकीचे होते? मित्रांपलीकडचा पहिला वाचक केव्हा भेटला? आणि पूर्वी न छापली गेलेली कोणती भाषा तेथे प्रथम छापली गेली? या पत्रांचे अंक पातळ कागदावर निघाले व थोडक्याच प्रतींत निघाले. जे शिल्लक आहेत ते बहुधा खाजगी संग्रहांत जीर्ण होत आहेत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ते वेळीच मिळविले नाहीत, तर वरील प्रश्नांची उत्तरे देण्यास पुरावाच उरणार नाही. नव्या पिढीतील अभ्यासकांनी हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.