घरमालकच न्यायाधीश झाला तर?

लंडनमध्ये आर्सेनल नावाचा फुटबॉल क्लब आहे. आज त्याचे नाव काढले की कोट्यवधी पौंडांचे खेळाडू आणि एका विमान कंपनीचे नाव लावलेले भव्य मैदान डोळ्यांसमोर येते. पण हा क्लब १८८६ साली सुरू केला तो वूलविचच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी. आपसांत वर्गणी काढून त्यांनी संघ उभा केला. आमच्या गिरणगावात, बीडीडी चाळीत कबड्डीची मंडळे जशी उभी राहिली तसाच हा प्रकार. अशा क्लबचा चाहता म्हणजे नुसते तिकीट काढणारे गिऱ्हाईक नव्हे. बाप ज्या संघासाठी घसा कोरडा करत होता त्याच संघासाठी मुलगाही करतो. त्यामुळे क्लबचे समभाग विकले जातात तेव्हा आपल्याला न विचारता घरातले काही तरी विकले जात आहे, असे त्याला वाटते.

३० ऑगस्ट २००७ रोजी असेच झाले. क्लबचे माजी उपाध्यक्ष डेव्हिड डीन यांनी आपले १४.५८ टक्के समभाग साडेसात कोटी पौंडांना विकले. घेणारी कंपनी होती उझबेकिस्तानात जन्मलेले रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव्ह आणि त्यांच्या भागीदाराची. हा नवा माणूस कोण, त्याचा पैसा कुठला, असे प्रश्न चाहत्यांना पडणे साहजिक होते. चाहत्यांनी स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या खिशातून चालवलेल्या संकेतस्थळांवर ते प्रश्न विचारले जाऊ लागले.

त्याच सुमारास क्रेग मरे यांनी आपल्या संकेतस्थळावर उस्मानोव्ह यांच्याविषयी एक जळजळीत लेख लिहिला. मरे हे २००२ ते २००४ या काळात उझबेकिस्तानात ब्रिटनचे राजदूत होते. लेखात गंभीर आरोप होते. ते खरे की खोटे, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय नाही. उस्मानोव्ह यांच्या बाजूने ते साफ नाकारण्यात आले होते. आरोप खोटे असतील तर मरे यांच्यावर बदनामीचा दावा लावण्याचा मार्ग मोकळा होता, आणि इंग्लंडचा बदनामीचा कायदा त्या काळी दावा लावणाऱ्याला फारच अनुकूल होता. तरीही मरे यांच्यावर दावा लागला नाही. गेली ती वकिलांची पत्रे.

ती कोणाला गेली हे पाहिले म्हणजे सगळा खेळ कळतो. काही पत्रे गेली आर्सेनलच्या चाहत्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळांना: मरे यांच्या आरोपांचा उल्लेख असलेला मजकूर काढून टाका. दिवसभर नोकरी करून रात्री सामन्याविषयी लिहिणाऱ्या माणसाच्या हाती लंडनच्या नामांकित वकिलांचे पत्र पडल्यावर तो काय करणार? आणि दुसरे पत्र गेले मरे यांच्या संकेतस्थळाला जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीला. त्या कंपनीने लेखकाशी कोर्टात उभे राहण्याचा विचारही केला नाही. सप्टेंबर २००७ च्या तिसऱ्या आठवड्यात मरे यांचे संकेतस्थळ बंद पडले.

एवढ्यावर भागले असते तरी एक वेळ समजू शकलो असतो. पण मरे यांच्या संकेतस्थळाचे तांत्रिक काम पाहणारा कार्यकर्ता इतरही काही जणांची संकेतस्थळे सांभाळत होता आणि ती सगळी त्याच होस्टिंग कंपनीकडे होती. कंपनीने सरसकट सगळ्यांचीच वीज तोडली. त्यात मजूर पक्षाच्या एका नगरसेवकाचे संकेतस्थळ गेले. आणि त्या वेळी हुजूर पक्षाचे खासदार असलेले, पुढे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन यांचेही गेले! जॉन्सन यांच्या संकेतस्थळाचा या वादाशी काडीचाही संबंध नव्हता. चाळीतल्या एका खोलीविरुद्ध तक्रार आली म्हणून मालकाने अख्ख्या चाळीचे पाणी बंद करावे, तसे हे झाले. सोबतीला खासदार सापडला म्हणून या प्रकरणाचा गाजावाजा तरी झाला. चाळीत नुसते चाहतेच राहत असते तर वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नसत्या.

वाचकहो, ही कंपनी दुष्ट होती काय? आम्हाला तसे वाटत नाही. तिने हिशेब केला, आणि तो हिशेब तिला कायद्यानेच शिकवला होता. जानेवारी १९९७ मध्ये लॉरेन्स गॉडफ्रे नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने कोणी तरी एक बनावट, बदनामीकारक मजकूर इंटरनेटवर टाकला. गॉडफ्रे यांनी डेमन इंटरनेट या कंपनीला तो काढायला कळवले, कंपनीने वेळेवर काढला नाही. मार्च १९९९ मध्ये न्यायालयाने म्हटले की, सूचना मिळाल्यानंतरही मजकूर तसाच ठेवणाऱ्या कंपनीला ‘आम्ही फक्त जागा दिली’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. पुढच्या वर्षी कंपनीने १५ हजार पौंड भरपाई आणि त्याच्या कित्येक पट कोर्टखर्च देऊन प्रकरण मिटवले. गॉडफ्रे यांच्यावर खरोखर अन्याय झाला होता, निकालात त्यांच्यापुरते काही वावगे नव्हते. पण त्यातून सगळ्या होस्टिंग कंपन्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. मजकूर ठेवला तर दंड. काढला तर दंड नाही. महिन्याला पाच-दहा पौंड भाडे देणाऱ्या चाहत्यासाठी कोण लाखो पौंडांचा धोका पत्करील? पत्र वाचायला वकील लावायचा म्हटले तरी त्याची एका तासाची फी त्या चाहत्याच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त.

म्हणजे शिक्षा द्यायचा अधिकार आला, पण सुनावणी घ्यायची जबाबदारी आली नाही. आरोपीला बोलावणे नाही, पुरावा मागणे नाही, निकालाची कारणे देणे नाही. खरे न्यायालय काय करते ते याच्याशेजारी ठेवून पाहावे. त्याच २००७ सालात शेफील्ड वेन्सडे या दुसऱ्या फुटबॉल क्लबचे संचालक आपल्याच चाहत्यांविरुद्ध न्यायालयात गेले. चाहत्यांच्या संकेतस्थळावर टोपणनावाने आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्यांची खरी नावे द्या, अशी त्यांची मागणी होती. ऑक्टोबरमध्ये निकाल आला. न्यायाधीशांनी एकेक मजकूर वेगळा काढून वाचला. काही मजकुरांत लबाडीचा, हेतूचा गंभीर आरोप होता. तेवढ्यांपुरती नावे द्यावीत असे सांगितले. बाकीचे म्हणजे चिडलेल्या चाहत्याची थट्टा किंवा शिवराळपणा. त्यासाठी कोणाचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे ठरवले. निकाल पूर्णपणे कोणाच्याच मनासारखा लागला नाही, पण कोणाचे म्हणणे न ऐकता कोणाची चूल विझवली गेली नाही.

होस्टिंग कंपन्या तक्रार वाचतात तरी का, याची परीक्षा हॉलंडमध्ये झाली होती. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘बिट्स ऑफ फ्रीडम’ या संस्थेने २००४ साली दहा होस्टिंग कंपन्यांकडे दहा संकेतस्थळे उघडली. सगळीकडे एकच मजकूर टाकला: मुलताटुली या डच लेखकाने १८७१ साली लिहिलेला. मग एका काल्पनिक संस्थेच्या नावाने, फुकटच्या ईमेल पत्त्यावरून तक्रार पाठवली की, या मजकुराचे हक्क आमचे आहेत, तो काढा. सव्वाशे वर्षांहून जुना मजकूर! लेखक १८८७ सालीच वारलेला. लेखाखाली स्पष्ट लिहिले होते की हे १८७१ चे लेखन आहे आणि आता सर्वांना खुले आहे. तरी दहांपैकी सात कंपन्यांनी तो काढून टाकला. एकीने तर न मागता आपल्या ग्राहकाचे नाव-पत्ताच तक्रारदाराच्या हाती दिला. हा मुलताटुली म्हणजे एडुआर्ड डाउवेस डेक्कर, जावामधल्या शेतकऱ्यांची डच राजवट कशी पिळवणूक करते ते १८६० साली जगापुढे मांडणारा माणूस. त्याची तक्रार ऐकायला तेव्हाचे सरकार तयार नव्हते, आणि त्याचे शब्द ठेवायला आताची कंपनी तयार झाली नाही.

आपल्याकडे काय? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ७९ आहे. मध्यस्थ कंपनीला त्यात काही अटींवर संरक्षण आहे. एप्रिल २०११ मध्ये याच्या नियमांत असे आले की, बाधित व्यक्तीने लेखी कळवले की कंपनीने ३६ तासांत हालचाल करावी. लिहिणाऱ्याला विचारण्याची अटच नव्हती. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने तेव्हा हॉलंडसारखाच प्रयोग केला. मुद्दाम सदोष तक्रारी सात कंपन्यांना पाठवल्या. सातपैकी सहा कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्तच काढून टाकले.

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचे संकेतस्थळ बंद झाले. अण्णा हजारे यांचे वांद्रे-कुर्ला संकुलात उपोषण सुरू होते, तेथे त्यांची चित्रे मांडली होती. एका वकिलाची तक्रार पोलिसांकडे गेली, गुन्हे शाखेने कंपनीला कळवले आणि कंपनीने संकेतस्थळ स्थगित केले. त्रिवेदी यांना ते समजले ईमेलने, बंद झाल्यावर.

इथे आम्ही एक गोष्ट लपवणार नाही. त्यातल्या काही चित्रांत संविधान आणि राष्ट्रचिन्ह ज्या रीतीने दाखवले होते ते आम्हाला मुळीच रुचले नाही. ज्या ग्रंथामुळे आमच्या कोट्यवधी बांधवांना माणूस म्हणून उभे राहता आले, त्याची अशी टवाळी पाहून चळवळीतल्या तरुणांचे रक्त तापले तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. त्या आंदोलनाबद्दलही आमच्या मनात प्रेम नव्हते. पण त्याच संविधानाचे कलम १९ उघडून वाचावे. उपकलम (१)(क) अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते आणि उपकलम (२) त्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतील ते मोजून सांगते, तेही राज्याने केलेल्या कायद्याने. होस्टिंग कंपनीच्या गिऱ्हाईक विभागातला कर्मचारी त्यात कुठेच बसत नाही. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये त्रिवेदी यांना अटक झाली, राजद्रोहाचे कलम लावले गेले आणि ते सरकारनेच उच्च न्यायालयात सांगून मागे घेतले. त्या कलमाचा हिशेब निदान न्यायालयात झाला. संकेतस्थळाची खोली मात्र घरमालकाने परस्पर सील केली होती.

२४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने यात मोठा फरक पडला. कलम ६६-अ रद्द झाल्याचे सर्वांना आठवते; पालघरच्या दोन मुलींच्या अटकेमुळे ते महाराष्ट्राच्या लक्षात राहिले. पण त्याच निकालात कलम ७९ बद्दलही सांगितले आहे की, मजकूर काढण्याची कायदेशीर जबाबदारी कंपनीवर येते ती न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर. कोणाही ऐऱ्यागैऱ्याचे पत्र पुरेसे नाही. लाखो तक्रारींतली कुठली खरी हे कंपनीने ठरवत बसावे, अशी अपेक्षाच धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ब्रिटनमध्येही २०१३ च्या बदनामी कायद्याने संकेतस्थळ चालवणाऱ्याला एक वाट दिली: तक्रार आली की ती ४८ तासांत लिहिणाऱ्याकडे पाठवा आणि त्याला उत्तर द्यायला पाच दिवस द्या.

मग आता सगळे सुरळीत आहे? नाही. श्रेया सिंघल निकालाने कंपनीला घाबरून मजकूर काढण्याची सक्ती उरली नाही, पण काढायला मनाईही झाली नाही. जागा घेताना आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो त्या करारात ‘आम्ही कोणत्याही वेळी सेवा बंद करू शकतो’ असे कलम बहुधा असतेच. शिवाय कॉपीराइटची वाट वेगळी. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात उलट नोटीस देण्याची सोय आहे, पण ती दिल्यावरही मजकूर परत यायला कामाचे दहा ते चौदा दिवस लागतात. भारतात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर एकवीस दिवसांनी कंपनीला मजकूर पुन्हा खुला करता येतो. खेळाच्या चाहत्याला एकवीस दिवस म्हणजे काय? तोवर अर्धी विश्वचषक स्पर्धा आटोपते. सहा डिसेंबरला किंवा चौदा एप्रिलला बंद पडलेले आमच्या एखाद्या मंडळाचे संकेतस्थळ एकवीस दिवसांनी सुरू झाले, तर ते कोणाच्या कामाचे?

१९२० साली ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जागा दुसऱ्याची असली की हे होणारच, म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारला. आज प्रत्येक मंडळाला स्वतःचा सर्व्हर घेता येणार नाही. पण होस्टिंग कंपनीकडे काही गोष्टी मागता येतात, आणि त्या लेखी मागाव्यात. तक्रार आली तर तिची प्रत आधी आम्हाला द्या. उत्तराला मुदत द्या. वाद एका पानाचा असेल तर तेवढेच पान थांबवा, सगळे संकेतस्थळ नव्हे. जी कंपनी एवढेही द्यायला नकार देते तिला भाडे देऊ नये. बाजारात दुसऱ्या आहेत.

आणि एक घरचे काम. बहुतेक मंडळांची संकेतस्थळे कोणा उत्साही कार्यकर्त्याने आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर काढलेली असतात. तो नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेला की कंपनीची नोटीस त्याच्या जुन्या ईमेलमध्ये पडून राहते आणि इकडे संकेतस्थळ बंद. नाव संस्थेच्या नावावर करून घ्यावे, ईमेल दोघातिघांना जाईल असा ठेवावा, आणि भाषणे, छायाचित्रे, जुने अंक यांची प्रत दर महिन्याला काढून पदाधिकाऱ्याच्या कपाटात ठेवावी.