दूरस्थ कणांचे नाते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परस्परांपासून कितीही दूर गेलेल्या ज्या दोन कणांचे एकत्रित वर्णन प्रत्येकाच्या स्वतंत्र वर्णनांत विभागता येत नाही, त्यांस पुंजयामिकी 'गुंतलेले' म्हणते. आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी १९३५ साली ज्या अवस्थेच्या आधारे या शास्त्राच्या पूर्णत्वाविषयीच शंका उपस्थित केली, त्या या अवस्थेसंबंधी सुशिक्षितांतही अद्याप काही भ्रामक समजुती रूढ आहेत.

गैरसमज : कणांची उत्तरे निघतानाच ठरलेली असतात.

वस्तुस्थिती : कोल्हापुरातील चप्पल लाईनच्या व्यापाऱ्याने जोडातील एक चप्पल पेटीत घालून पुण्यास धाडली आणि तेथे ती डाव्या पायाची निघाली, तर कोल्हापुरात उरलेली उजव्या पायाची, हे तत्क्षणी कळते आणि त्यात नवल काहीच नसते. कणांचेही असेच असावे, हा तर्क वरकरणी निर्दोष भासतो. परंतु उत्तरे पूर्वनिश्चित असतील आणि एका ठिकाणच्या मापनाचा परिणाम दुसरीकडे पोहोचत नसेल, तर निरनिराळ्या दिशांनी केलेल्या मापनांतील सहसंबंधांस एक मर्यादा पडते, हे जॉन बेल यांनी १९६४ साली सिद्ध केले. क्लॉझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दिलेल्या रूपात ही मर्यादा २ आहे, पुंजयामिकीची मात्र सुमारे २.८३. अस्पे यांच्या १९८२ च्या प्रयोगांनी आणि त्यातील पळवाटा बंद करणाऱ्या, १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांवर डेल्फ्ट येथे २०१५ साली झालेल्या प्रयोगाने निकाल पुंजयामिकीच्या बाजूने दिला. क्लॉझर, अस्पे व झाइलिंगर यांस २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच संशोधनपरंपरेसाठी.

गैरसमज : या नात्याच्या द्वारे प्रकाशाहून वेगाने निरोप धाडता येतो.

वस्तुस्थिती : प्रत्येक ठिकाणची उत्तरे एकेकटी पाहिली असता निव्वळ यादृच्छिक असतात, पलीकडे कोणते मापन झाले, किंवा झाले की नाही, याचा मागमूसही त्यांत सापडत नाही. दोन्हीकडील दप्तरे एकत्र आणून त्यांची रुजवात घेतली म्हणजेच सहसंबंध उघड होतो, आणि दप्तरांस तर नेहमीच्याच मार्गाने यावे लागते. बेनेट व सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेल्या 'टेलिपोर्टेशन'मध्येही कणाची अवस्था पलीकडे सिद्ध होण्यास दोन साध्या बिटांचा निरोप अपरिहार्य असतो.

गैरसमज : गुंतलेपणा नसेल, तर पुंजस्वरूपाचा सहसंबंधही नसतो.

वस्तुस्थिती : गुंतलेल्या काही अवस्थाही बेलची मर्यादा ओलांडत नाहीत, हे वेर्नर यांनी १९८९ साली दाखविले. उलटपक्षी, न गुंतलेल्या अवस्थांतही एका भागाच्या कोणत्याही मापनाने समग्र अवस्था विचलित होऊ शकते, हे २००१ साली ओलिव्हिए व झुरेक आणि स्वतंत्रपणे हेंडरसन व वेद्राल यांच्या लेखनातून पुढे आले. हे विचलन मोजणाऱ्या राशीस 'क्वांटम डिसकॉर्ड' म्हणतात. सर्व संभाव्य मापनांतून सर्वांत कमी विचलन करणारे मापन हुडकावे लागत असल्याने तिची गणना दुर्घट ठरते. म्हणून डिसकॉर्ड शून्य असलेल्या निकटतम अवस्थेपासूनचे अंतर मोजण्याची भौमितिक रीत २०१० मध्ये सुचविली गेली. पुणे विद्यापीठाचे प्रमोद जोग आणि त्यांचे सहकारी अली सैफ हसन व बेहजाद लारी यांनी २०१२ साली या अंतराची, पूर्वीच्याहून अधिक काटेकोर अशी किमान मर्यादा कोणत्याही द्विभागी अवस्थेसाठी सिद्ध केली. मात्र त्याच वर्षी पियानी यांनी आक्षेप घेतला, की ज्या भागाचे मापन करावयाचे नाही, त्यावरील केवळ स्थानिक क्रियेनेही हे माप वाढू शकते.

तात्पर्य, बेलची मर्यादा ओलांडणे, गुंतलेले असणे आणि डिसकॉर्ड असणे या तीन पृथक् गोष्टी होत. आणि अमुक अवस्था 'पुंजस्वरूपी' आहे, असे कोणी म्हटल्यास, ते यांपैकी कोणत्या अर्थाने, हे विचारण्याचा हक्क वाचकाने बजावावा.