पानगळीतला रानपिंगळा

कळसाडीहून पहाटे मोटारसायकल काढली की पपईच्या बागा मागे पडतात आणि सातपुडा समोर येतो. दर हिवाळ्यात मी तिकडे जातो तो रानपिंगळ्यासाठी. वीतभर उंचीचं हे घुबड दिवसाढवळ्या शिकार करतं. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर दाट तपकिरी पट्टे आणि पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले.

१८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तेव्हा आपल्या खानदेशात त्याचे नमुने गोळा केले होते. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून तो आपण १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचं भासवलं आणि शोधणारे भलत्याच रानात भटकले. ही लबाडी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केली. मग जुन्या, खऱ्या नोंदींचा माग काढत त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह इकडे आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात तो त्यांना दिसला. डेव्हिडसनच्या काळी पुरावा म्हणजे बंदुकीने टिपलेला पक्षी. या वेळी छायाचित्रं आणि चित्रफीत पुरली. कॅमेरा हातात घेताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातला एक फोटो मी जपून ठेवलाय. त्यात सागाची काडी लख्ख आहे आणि तिच्यामागे दोन पुसट पंख, मध्ये पांढरा डाग. तो डाग म्हणजे रानपिंगळ्याचं डोकं! एका फोटोत तीन चुका. फोकस पुढच्या काडीने पळवला, शटर १/५०० सेकंदावर राहिलं आणि भोवतीची काळपट खोडं पाहून कॅमेऱ्याने उजेड वाढवला, त्यात चेहऱ्याचा पांढरा भाग जळाला. सागाच्या रानात सावलीला भोकं असतात. पक्षी वीतभर सरकला तरी उजेड दुपटीने बदलतो. म्हणून आता मी उजेड चेहऱ्याच्या पांढऱ्यावर बेततो, खोडं काळी पडली तरी चालतील. फोकसचा एकच बिंदू ठेवतो आणि शटर १/२००० च्या खाली येऊ देत नाही. त्यासाठी आयएसओ चढवावा लागतो, फोटोत दाणे येतात. येऊ देत. दाणे पुढे कमी करता येतात, हललेला पंख परत मिळत नाही.

उडण्याचा क्षण मात्र कॅमेऱ्यापेक्षा पक्षीच सांगतो. तो उघड्या फांदीवर बसून खाली पाहत राहतो. सरडा किंवा सापसुरळी दिसली की मान खालीवर होते, शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलते, अंग पुढे झुकतं. तो निघाल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो; झुकला की दाबायचं. आणि उभं राहायचं ते त्याच्या वाटेच्या बाजूला, म्हणजे झेप आपल्यासमोरून आडवी जाते आणि फोकस फार बदलावा लागत नाही. वाळक्या पानांवर पाऊल वाजतं, म्हणून जागा आधीच झाडून ठेवतो. दहाच्या सुमारास जमीन तापली की हवा थरथरते. मग कितीही महागडी लेन्स असो, पिसं विरघळल्यासारखी दिसतात. तेव्हा मी कॅमेरा पिशवीत ठेवतो.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला की तो लगेच जवळ येतो, हे खरं. एकदा काही पाहुण्यांनी तसं केलेलं मी पाहिलं. नर बराच वेळ फांदीफांदीवर ओरडत फिरला. मादी ढोलीत अंड्यांवर असते तेव्हा तिला खाऊ घालणारा तोच असतो. त्या सकाळी त्याने एकही सरडा आणला नाही. माझा त्या पाहुण्यांवरचा राग अजून गेलेला नाही.

गेल्या माघात सालईच्या फांदीवरून तो झुकला, मी बटण दाबलं. चौदा फोटोंपैकी एकात दोन्ही पंख वर आहेत, पाय पुढे ताणलेले, पिवळा डोळा स्वच्छ. खालची सापसुरळी पानाआड अर्धी दिसते. पुढच्या फोटोत नुसती पानं उडालेली आहेत. सापसुरळी निसटली होती. तो पुन्हा त्याच फांदीवर जाऊन बसला आणि खाली पाहू लागला.