डिस्चार्ज कार्डावरची दोन अक्षरं

डोंबिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतली एखादी आजी बाथरूममध्ये घसरते, खुब्याचं हाड मोडतं. ठाण्यात ऑपरेशन होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॉनिटरवर ठोके एकदम 140 वर जातात, तेही वेडेवाकडे. औषध सुरू होतं, सकाळपर्यंत ठोके ताळ्यावर येतात. डिस्चार्ज कार्डाच्या कोपऱ्यात 'ए. एफ.' एवढंच लिहिलं जातं. घरी मात्र सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे आणि वॉकरकडे.

ए. एफ. म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते. तिथे रक्त साचतं, गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या वाहिनीत अडकली की पॅरालिसिस. ऑपरेशननंतरची सूज, वेदना, कमी झालेलं पोटॅशियम, एवढंही ठोके बिघडायला पुरतं.

बायपासनंतर 100 पैकी 20 ते 40 जणांना हे होतं, म्हणून तिथले डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बसतात. पण कॅलिफोर्नियातल्या 17 लाखांहून अधिक रुग्णांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळंच सांगतो. हृदयाव्यतिरिक्त इतर ऑपरेशनांनंतर ज्यांना ए. एफ. झालं, त्यांच्यातल्या 1.47 टक्के जणांना वर्षभरात स्ट्रोक आला. ज्यांना झालं नाही, त्यांच्यात 0.36 टक्के. हृदयाच्या ऑपरेशननंतर हाच फरक अगदी थोडा होता, 0.99 आणि 0.83. म्हणजे हाडांच्या वॉर्डातून सुटलेल्या आजीची काळजी जास्त करायला हवी, आणि नेमकं तिलाच हृदयाबद्दल कोणी विचारत नाही. मला हे फार खटकतं.

रक्त पातळ करायची गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही. वय, बीपी, शुगर, आधीचा झटका आणि रक्तस्रावाची भीती बघून डॉक्टर ठरवतात. ॲस्पिरिन चालू आहे, म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ती नियमित लागली तरी निर्धास्त राहू नका, ए. एफ. गुपचूप येऊन जातं, त्यासाठी ईसीजी किंवा होल्टर (दिवसभर अंगावर ठेवून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लागतो.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घड्याळ बघा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल तर बहुतेकदा तेही देता येत नाही, मग नळी घालून गुठळी काढावी लागते. ही सोय आपल्या जवळ कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा. शिळफाट्याच्या कोंडीत अडकल्यावर नव्हे. आणि घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर ते कार्ड काढून एकदा वाचा. 'ए. एफ.' दिसलं, तर याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा.