उत्सर्जनाच्या मापाने मोटारकर : आयर्लंडचा अनुभव

मोटारगाडीवरील कर कोणत्या मापाने आकारावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ हिशेबाचा वाटतो. परंतु सरकार जे माप निवडते, त्यानुसार लोक कोणती गाडी घेतात, जुन्या गाडीला बाजारात काय किंमत येते आणि शहरातील हवा कशी राहते, हे पुष्कळ अंशी ठरत असते. आपल्या देशात मोटारींवरील वस्तू व सेवा कराचा दर ठरविताना इंजिनाची क्षमता आणि गाडीची लांबी यांचा विचार केला जातो. युरोपातील अनेक देशांनी मात्र गाडीतून बाहेर पडणारा वायू हेच कराचे माप मानले. त्यांपैकी आयर्लंडचा अनुभव विशेष बोधप्रद आहे.

आयर्लंडमध्ये आज मोटारगाड्यांचा कारखाना नाही. कॉर्क शहरातील फोर्ड कंपनीचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. त्यामुळे तेथील प्रत्येक गाडी, मग ती नवी असो वा वापरलेली, बाहेरून येते. शिवाय ब्रिटनप्रमाणे तेथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात व सुकाणू उजवीकडे असते. साहजिकच वापरलेल्या गाडीसाठी आयरिश ग्राहकाला शेजारच्या ब्रिटनची बाजारपेठ अगदी जवळची वाटते. म्हणून करात झालेला कोणताही बदल तेथे दोन प्रकारच्या लोकांना भिडतो : आधीपासून गाडी बाळगणाऱ्यांना आणि बाहेरून जुनी गाडी आणू पाहणाऱ्यांना.

जुने माप आणि नवे माप

आयर्लंडमध्ये गाडीवर मुख्यतः दोन कर द्यावे लागतात. पहिला नोंदणी कर. तो गाडीची देशात प्रथम नोंदणी होताना एकदाच द्यावयाचा असतो. दुसरा वार्षिक मोटारकर. नोंदणी कराची आकारणी गाडीच्या खरेदीच्या पावतीवरून होत नाही. ती गाडी आयर्लंडच्या बाजारात सर्व करांसह किती किमतीला विकली जाईल, हे महसूल खाते ठरविते आणि त्या किमतीवर टक्केवारीने कर लावते. एखाद्याने ब्रिटनमध्ये घासाघीस करून गाडी स्वस्तात मिळविली, तरी कर कमी होत नाही. मात्र जुन्या गाडीच्या बाबतीत किंमतही जुन्या गाडीचीच धरली जात असल्याने तिची झीज हिशेबात येते.

१ जुलै २००८ पूर्वी या दोन्ही करांचे माप इंजिनाची घनक्षमता हे होते. १४०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या गाडीवर साडेबावीस टक्के, १९०० पर्यंत पंचवीस टक्के आणि त्यापुढे तीस टक्के नोंदणी कर असे. डिसेंबर २००७ मध्ये सरकारने हे माप बदलण्याचे जाहीर केले व सुमारे सात महिन्यांनी नवी पद्धत अमलात आली. आता किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, यावर कर ठरू लागला. त्यासाठी सात वर्ग पाडण्यात आले. १२० ग्रॅमपर्यंतच्या पहिल्या वर्गाला १४ टक्के, तर २२५ ग्रॅमहून अधिक उत्सर्जनाच्या शेवटच्या वर्गाला ३६ टक्के नोंदणी कर होता. वार्षिक मोटारकरही याच वर्गांनुसार १०० युरोपासून २,००० युरोपर्यंत ठेवण्यात आला.

एका उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. समजा, एका डिझेल गाडीचे इंजिन २००० घन सेंटिमीटरचे आहे, तिचे उत्सर्जन ११९ ग्रॅम आहे आणि ठरविलेली बाजारभावाची किंमत २०,००० युरो आहे. जुन्या पद्धतीने तिच्यावर ६,००० युरो कर बसला असता. नव्या पद्धतीने तो २,८०० युरोंवर आला. याउलट २३० ग्रॅम उत्सर्जनाच्या, तेवढ्याच किमतीच्या मोठ्या पेट्रोल गाडीवर ६,००० ऐवजी ७,२०० युरो द्यावे लागले. इंजिन लहान की मोठे याला महत्त्व उरले नाही. इंधन किती काटकसरीने जळते, याला महत्त्व आले.

तारखेची रेषा

कोणतीही नवी करपद्धती अमलात आणताना एक तारीख ठरवावी लागते आणि त्या तारखेच्या दोन बाजूंना दोन प्रकारचे नागरिक उभे राहतात. आयर्लंडमध्ये ज्या गाड्यांची नोंदणी २००८ पूर्वी झाली होती, त्यांचा वार्षिक कर पुढेही इंजिनाच्या क्षमतेवरच राहिला. २०१३ मध्ये ठरलेल्या दरांनुसार २००० घन सेंटिमीटरच्या अशा गाडीला वर्षाला ७१० युरो पडत. त्याच नमुन्याची, त्याच इंजिनाची आणि १५० ग्रॅम उत्सर्जनाची गाडी २००८ च्या उत्तरार्धात नोंदलेली असेल, तर तिला ३९० युरो पुरत. दोन्ही गाड्यांतून बाहेर पडणारा वायू सारखाच. करात मात्र वर्षाला ३२० युरोंचे अंतर.

हे अंतर नेमके कोणाच्या वाट्याला आले, याचा विचार करणे आवश्यक आहे. नवी गाडी घेणे ज्याला परवडते, तो कमी कराच्या बाजूला सहज जातो. जुनी गाडी वापरणारा बहुधा बेताच्या मिळकतीचा असतो व तो रेषेच्या महागड्या बाजूला राहतो. तो गाडी विकावयास गेला, तर खरेदीदार पुढील वर्षांचा करही मनात मोजतो आणि तेवढी किंमत कमी देऊ करतो. म्हणजे कराचा बोजा आधी वर्षावर्षाला आणि शेवटी विक्रीच्या वेळी, असा दोनदा जाणवतो.

बाहेरून येणाऱ्या जुन्या गाडीची स्थिती आणखी चमत्कारिक होती. समजा, एखादी गाडी डिसेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम नोंदली गेली आणि २०१३ मध्ये आयर्लंडमध्ये आणली. तिचा नोंदणी कर नव्या मापाने, म्हणजे उत्सर्जनावर आकारला जाई. परंतु वार्षिक कर मात्र जुन्या मापाने, इंजिनाच्या क्षमतेवर. एकाच गाडीला दोन मापे लागत. गाडी केवळ काही आठवड्यांनी, जानेवारी २००८ मध्ये नोंदलेली असती, तर दोन्ही कर उत्सर्जनावर बसले असते. म्हणून ब्रिटनमधील जाहिराती चाळणारा जाणता ग्राहक गाडीचा रंग वा मैलांचा आकडा पाहण्याआधी तिची पहिली नोंदणी कोणत्या तारखेची आहे, हे पाहू लागला.

मापात न बसलेला वायू

नव्या कराने आपले काम अपेक्षेपेक्षाही चोख केले. डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबून तापविली जाते व त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. या पद्धतीत इंधनातील अधिक ऊर्जा कामी येते. एक लिटर डिझेल जळताना एक लिटर पेट्रोलपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे खरे. परंतु तेवढ्या डिझेलवर गाडी बरीच अधिक दूर जाते. त्यामुळे किलोमीटरमागील आकडा कमी राहतो. कर बदलण्यापूर्वी आयर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश डिझेलच्या होत्या. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतच हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले.

यातून दोन परिणाम उद्भवले. पहिला सरकारी तिजोरीवर झाला. लोक कमी कराच्या वर्गांत गर्दी करू लागले, तसे उत्पन्न आटू लागले. म्हणून पहिल्या वर्गाचा १०० युरोंचा वार्षिक कर २००९ मध्ये १०४ आणि २०१२ मध्ये १६० युरो झाला. २०१३ मध्ये तर त्या वर्गाचे आणखी तुकडे पाडून १२० ते २०० युरोंपर्यंत दर ठरविण्यात आले. कमी कराच्या आशेने गाडी निवडणाऱ्याला पुढे वाढीव कर द्यावा लागला. जो कर लोकांची वागणूक बदलण्यात यशस्वी होतो, तो स्वतःचा पाया पोखरतो, हे तत्त्व येथे दिसून येते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. डिझेल इंजिनातील उच्च तापमानामुळे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. कार्बन डायऑक्साइड पृथ्वीचे तापमान वाढवितो. ही ऑक्साइडे रस्त्यालगत राहणाऱ्याच्या श्वासनलिकेला थेट इजा करतात. दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना त्यांचा विशेष त्रास होतो. २००८ च्या मापात त्यांचा समावेशच नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्या चाचणीच्या वेळी एक आणि रस्त्यावर दुसरेच उत्सर्जन करतात, हे उघडकीस आले, तेव्हा चाचणीच्या आकड्यांवरील विश्वासही डळमळला. २०१९ मध्ये डब्लिनमधील एका मापन केंद्रावर नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी युरोपीय मर्यादेच्या वर गेल्याची नोंद झाली.

जुन्या डिझेल गाड्यांचा ओघ

मधल्या काळात आणखी एक घटना घडली. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि पौंडाचा भाव घसरला. आयरिश ग्राहकाला ब्रिटनमधील वापरलेली गाडी एकाएकी स्वस्त झाली. अशा आयात गाड्यांची संख्या वाढत जाऊन २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षी ती एक लाखाच्या पुढे गेली. २०१९ मध्ये तर ती नव्या गाड्यांच्या विक्रीच्या जवळ जाऊन पोहोचली. यांतील पुष्कळ गाड्या डिझेलच्या होत्या. ब्रिटनमधील शहरे ज्या गाड्यांवर निर्बंध घालू लागली होती, त्याच समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये येत होत्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या मापाने त्यांना सवलतही मिळत होती.

यावर उपाय म्हणून जानेवारी २०२० पासून नोंदणीच्या वेळी नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर स्वतंत्र आकार लावण्यात आला. पहिल्या ६० मिलिग्रॅमना प्रत्येकी ५ युरो, पुढील २० मिलिग्रॅमना प्रत्येकी १५ युरो आणि त्यापुढे प्रत्येकी २५ युरो, असा तो चढता दर होता. युरोपीय नियमांच्या पाचव्या टप्प्यात डिझेल गाडीला किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅमची मुभा होती. तेवढे उत्सर्जन असलेल्या गाडीवर हा आकार ३,१०० युरो होत असे. सहाव्या टप्प्याची मर्यादा ८० मिलिग्रॅम. तेवढ्यावर तो केवळ ६०० युरो होता. चौथ्या टप्प्यातील २५० मिलिग्रॅमच्या गाडीवर ४,८५० युरो होत असत आणि डिझेल गाड्यांसाठी कमाल मर्यादाही तेवढीच ठेवली होती. पाच-सहा हजार युरोंच्या जुन्या गाडीवर असा आकार बसला, की ती आणण्यात अर्थ उरत नाही.

एका वर्षाने, जानेवारी २०२१ मध्ये, दोन बदल एकाच वेळी झाले. उत्सर्जन मोजण्याची जुनी प्रयोगशाळेतील पद्धत सोडून प्रत्यक्ष वापराशी अधिक जुळणारी नवी पद्धत कराच्या पायाशी आली. ज्या गाड्यांचा केवळ जुना आकडा उपलब्ध होता, त्यांचा आकडा सूत्राने वाढविण्यात आला. आपल्या उदाहरणातील ११९ ग्रॅमची डिझेल गाडी त्यामुळे सुमारे १४९ ग्रॅमची ठरली. इंजिन तेच, वायूही तेवढाच, पण हिशेब बदलला. दुसरा बदल असा, की ग्रेट ब्रिटन आता आयर्लंडच्या दृष्टीने परका देश झाला. तेथून येणाऱ्या गाडीवर मूल्यवर्धित कर आणि, ती ब्रिटनमध्ये बनलेली नसल्यास, दहा टक्के सीमाशुल्कही लागू झाले. आयातीचा ओघ ओसरला आणि ग्राहकांची दृष्टी जपानमधील वापरलेल्या गाड्यांकडे वळू लागली.

समतेची कसोटी

बाहेरच्या जुन्या गाडीला पर्यावरणाच्या नावाखाली कितीही जड कर लावता येतो काय? युरोपीय संघात याला मर्यादा आहे. रुमानियाने २००८ मध्ये प्रदूषण कर सुरू केला. तो गाडीच्या पहिल्या देशांतर्गत नोंदणीच्या वेळी घेतला जाई. त्यामुळे जर्मनीहून आणलेल्या जुन्या गाडीला तो द्यावा लागे. परंतु आधीपासून रुमानियात असलेली तितकीच जुनी व तितकीच धूर सोडणारी गाडी हातोहात विकली जाई, तरी तिला तो लागत नसे. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने असा कर संघाच्या करारात बसत नाही, असा निर्णय दिला. प्रदूषणाला कर लावण्यास न्यायालयाची हरकत नव्हती. प्रदूषण सारखे असताना केवळ परकी गाडीच कराच्या कक्षेत यावी आणि देशी गाडी सुटावी, ही त्यातील विषमता त्याने अमान्य केली.

या सर्व अनुभवाचा निष्कर्ष असा, की कराने लोकांची निवड बदलते, हे निःसंशय. पण ती नेमकी मापाच्या दिशेनेच बदलते. माप एकाच वायूचे असेल, तर दुसरा वायू दुर्लक्षित राहतो. ते मधूनच बदलले, तर कालच्या सल्ल्यावर विसंबून गाडी घेतलेल्या नागरिकाला आज दंड झाल्यासारखे वाटते. आणि ते नव्या गाडीलाच सवलत देत असेल, तर स्वच्छ हवेचे मोल जुनी गाडी चालविणारा अधिक प्रमाणात मोजतो. २००८ मध्ये आयर्लंडमध्ये डिझेल गाडी घेणाऱ्याने काही गैर केले नव्हते. त्याने सरकारने दाखविलेली वाट धरली होती. उत्सर्जनावर कर बसवू इच्छिणाऱ्या कोणत्याही देशाने दर ठरविण्यापूर्वी आपण काय मोजणार आणि काय मोजावयाचे राहून जाईल, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.