शस्त्र गेले, मतही गेले

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, आयुध निर्माणीत, साठच्या दशकापासून स्फोटकांचे काम चालते. तिथे आगपेटीसुद्धा आत नेता येत नाही. शस्त्राचा असा वचक बाळगणाऱ्या जिल्ह्यात कॉलेजात पिस्तूल नेऊ द्या, अशी मागणी कुणी करणार नाही. पण लपवलेल्या हत्याराचा धाक महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी भोगला आहे.

विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुकांच्या काळात जीएस (सरचिटणीस), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी) ठरेपर्यंत सीआर (वर्ग प्रतिनिधी) पळवून नेण्याचे प्रकार राज्यभर होत. कुणाच्या शर्टाखाली गुप्ती किंवा सायकलची चेन खरोखर आहे का, हे बघायला कोण जाणार? 'आहे म्हणतात' एवढ्यावर अर्ज मागे घेतले जात. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि या निवडणुकांवरचा विश्वासच उडाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या बंद केल्या. वर्गात गुणांनी पहिला येईल तो प्रतिनिधी ठरू लागला.

हाणामाऱ्या थांबल्या, हे मोठेच काम झाले. पण गुंडांच्या हातची सत्ता विद्यार्थ्यांकडे आलीच नाही, ती ऑफिसात गेली. शिष्यवृत्ती अडली, वसतिगृहाचे जेवण बिघडले, तर प्राचार्यांसमोर बोलायचे कुणी? मुलांनी निवडून न दिलेल्या प्रतिनिधीने?

अमेरिकेतल्या टेक्सासने नेमका उलटा रस्ता धरला : हत्यारच आत येऊ दिले. १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिनच्या विद्यापीठात मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने गोळीबार केला होता. बरोबर ५० वर्षांनी, त्याच तारखेला, सरकारी विद्यापीठांत परवानाधारकांना पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा देणारा कायदा लागू झाला. ह्यूस्टन विद्यापीठात तर त्याआधीच प्राध्यापकांना सुचवण्यात आले होते : नाजूक विषय जपून काढा, काही अभ्यासक्रमातून गाळा, विद्यार्थी चिडलेला वाटला तर तिथेच थांबा. कमी गुण देताना, वादात मुलाला खोडून काढताना हात आखडला, तर शिकवणे उरले कुठे? ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या, पण दाद मिळाली नाही. पिस्तूल एखाद्याच्याच दप्तरात असेल; पण ते कुणाच्या, हे ठाऊक नसल्याने तोंड सगळ्यांनाच आवरावे लागते.

त्याच २०१६ साली महाराष्ट्राच्या नव्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या, कागदावर. २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला. सरकारने आता या निवडणुका घ्याव्यात. फाटकावर झडती घ्या, बाहेरच्यांना आत येऊ देऊ नका, पण भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर, साकोली, पवनीच्या मुलामुलींना त्यांचे मत परत द्या.